कोंबड्यांचा उष्माताण आणि प्रारंभिक औष्णिक अनुकूलन

भारतीय शेतीच्या ज्या मोजक्या उपक्षेत्रांनी गेल्या अर्धशतकात उद्योगाचे रूप धारण केले, त्यांत कुक्कुटपालनाचे स्थान अग्रगण्य आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुटवर्गीय पक्ष्यांची संख्या ८५.१८ कोटी होती. २०१२ च्या तुलनेत ही वाढ १६.८ टक्के होती. २०२३-२४ मध्ये देशात १४,२७७ कोटी अंड्यांचे उत्पादन झाले आणि दरडोई उपलब्धता वर्षाला १०३ अंड्यांपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी देशाच्या एकूण मांस उत्पादनात कुक्कुट मांसाचा वाटा सुमारे ४९ टक्के होता. पोषणतज्ज्ञांनी शिफारस केलेल्या दरडोई वार्षिक १८० अंड्यांच्या पातळीपासून आपण अद्याप दूर असलो, तरी सामान्य माणसाला परवडणाऱ्या प्राणिज प्रथिनांचा मोठा भार आज हेच क्षेत्र वाहत आहे.

या क्षेत्रासमोर वाढत्या तापमानाचे आव्हान उभे आहे. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वोच्च मार्च महिन्याइतके, म्हणजे ३३.१ अंश सेल्सिअस होते. २०२४ हे वर्ष १९०१ पासूनचे देशातील सर्वाधिक उष्ण वर्ष ठरल्याचे भारतीय हवामान विभागाने जाहीर केले. उष्णतेपासून कोंबड्यांचा बचाव करण्याचे नेहमीचे उपाय शेडशी, पाण्याशी आणि विजेशी निगडित आहेत. पिल्लू अवघ्या काही दिवसांचे असताना त्याला नियंत्रित उष्णतेचा अनुभव देऊन पुढील आयुष्यात त्याची सहनशक्ती वाढविणे, हा त्याहून वेगळा मार्ग आहे. शास्त्रीय परिभाषेत याला प्रारंभिक औष्णिक अनुकूलन म्हणता येईल. या तंत्राचे शास्त्र, त्याचे अर्थकारण आणि त्याच्या प्रसारातील अडथळे यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उष्माताण म्हणजे काय?

कोंबडीच्या शरीराचे सामान्य तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. तिच्या त्वचेत घर्मग्रंथी नसतात आणि अंगावर पिसांचे आवरण असते. साधारणपणे १८ ते २४ अंश तापमानात प्रौढ पक्ष्याला शरीराचे तापमान राखण्यासाठी फारशी ऊर्जा खर्च करावी लागत नाही. या पट्ट्यात तुरा, गलोल, पाय आणि त्वचा यांतून उष्णता सहज बाहेर पडते. भोवतालची हवा तापत जाते, तसा हा मार्ग अपुरा पडतो. मग पक्षी चोच उघडून धापा टाकू लागतो आणि श्वसनमार्गातील ओलाव्याच्या बाष्पीभवनातून शरीर थंड ठेवण्याचा प्रयत्न करतो.

धापा टाकण्याची किंमत मात्र मोठी असते. वेगवान श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो आणि रक्ताची आम्लता घटून ते अधिक अल्कधर्मी बनते. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने अंडी देणाऱ्या कोंबड्यांची कवचे पातळ होतात व फुटीचे प्रमाण वाढते. खाद्याच्या पचनातून उष्णता निर्माण होत असल्यामुळे पक्षी खाणे कमी करतो. परिणामी वजनवाढ मंदावते आणि अंडी घटतात. शरीराचे तापमान ४६ ते ४७ अंशांच्या आसपास गेले की मृत्यू ओढवतो. हवेत दमटपणा अधिक असल्यास बाष्पीभवनाचा मार्गही खुंटतो. त्यामुळे विदर्भ किंवा तेलंगणातील कोरडी उष्णता आणि आंध्र किनारपट्टीवरील दमट उष्णता यांचे उपाय सारखे असू शकत नाहीत.

मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असेल, किंवा प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले, तर हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. किनारपट्टीसाठी ही किमान मर्यादा ३७ अंश, तर डोंगराळ भागासाठी ३० अंश आहे. हे निकष माणसाचा विचार करून ठरविलेले आहेत. दोन किलो वजनाच्या मांसल कोंबडीची अडचण त्याच्या बरीच आधी सुरू होते.

हानी शेवटच्या आठवड्यात का होते?

मांसल कोंबड्या, म्हणजे ब्रॉयलर, पाच ते सहा आठवड्यांत सुमारे दोन किलोंच्या होतात. वेगवान वाढीसाठी अनेक पिढ्यांच्या निवडीतून हे पक्षी घडविले गेले. वेगवान वाढ म्हणजे अधिक चयापचय आणि अधिक चयापचय म्हणजे शरीरात अधिक उष्णता. मांसाचा भार जितक्या झपाट्याने वाढला, तितकी हृदय व फुप्फुसांची क्षमता वाढली नाही. म्हणून वजनदार पक्षी प्रथम दगावतो.

अर्थशास्त्रीय दृष्टीने येथेच खरी मेख आहे. कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा ६५ ते ७० टक्के असतो आणि त्यातील मोठा भाग अखेरच्या दोन आठवड्यांत खर्च होतो. पाचव्या दिवशी दगावलेल्या पिल्लाबरोबर जवळपास पिल्लाचीच किंमत बुडते. छत्तिसाव्या दिवशी दगावलेल्या पक्ष्याबरोबर पिल्लू, खाद्य, औषधे, मजुरी आणि वीज असा जवळजवळ सर्व खर्च बुडतो. लाटेची चाहूल लागताच अनेक शेतकरी कमी वजनाचे पक्षी घाईने विकतात व त्या दिवसांत भाव पाडून घेतात. पुढे पुरवठा आटला की भाव चढतात. तोवर या शेतकऱ्याच्या शेडमध्ये विकायला पक्षी उरलेले नसतात. मे २०१५ मध्ये आंध्र प्रदेश व तेलंगणात आलेल्या भीषण लाटेत दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी कोंबड्यांची मरतुकही मोठी होती आणि त्यानंतर चिकनचे भाव वाढले.

संपूर्ण नियंत्रित तापमानाची बंद शेड हा या संकटावरील प्रभावी उपाय असला, तरी तिचे भांडवल आणि वीजबिल लहान शेतकऱ्याला पेलत नाही. देशातील बहुसंख्य लहान शेडच्या बाजू जाळीच्या व उघड्या असतात. पत्र्यावर चुना मारणे, छतावर गवत किंवा पाचट पसरणे, गोणपाटाचे ओले पडदे लावणे, फॉगर चालविणे, दुपारी खाद्य बंद ठेवून पहाटे व रात्री देणे, पाण्यातून इलेक्ट्रोलाइट व क जीवनसत्त्व देणे हे उपाय तेथे वर्षानुवर्षे वापरले जातात. भारनियमन किंवा पाणीटंचाई आली की यांतील काही उपाय नेमके गरजेच्या वेळी निकामी होतात. पक्ष्याच्या शरीरातच सहनशक्ती निर्माण करता आली, तर ती विजेवर अवलंबून राहणार नाही, हे या नव्या तंत्राचे आकर्षण आहे.

तंत्र आणि त्यामागील संशोधन

अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील संशोधकांनी १९८८ मध्ये या संदर्भातील एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. पाच दिवसांच्या ब्रॉयलर पिल्लांना त्यांनी चोवीस तास ३५ ते ३७.८ अंश तापमानात ठेवले. विक्रीच्या वयात याच पक्ष्यांना तीव्र उष्णतेला सामोरे जावे लागले, तेव्हा त्यांच्यातील मरतुक इतर पक्ष्यांपेक्षा कमी आढळली. पुढे इस्रायलमधील व्होल्कानी केंद्रात शलोमो याहव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास, ३६ ते ३७.५ अंशांत, चोवीस तासांचा अनुभव अधिक परिणामकारक ठरतो, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. फ्रान्स व व्हेनेझुएला येथील संशोधकांनी पाचव्या दिवशी सुमारे ३८ अंशांचा अनुभव आणि नंतरच्या वयात दिवसाच्या वेळेनुसार बदलते खाद्य यांची सांगड घालून मरतुक घटविण्याचा प्रयत्न केला.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना कृत्रिम ऊब द्यावीच लागते आणि ब्रूडरखालील तापमान एरवीही ३२ ते ३५ अंश ठेवले जाते. अनुकूलनासाठी ते एका दिवसापुरते केवळ काही अंशांनी वाढवायचे असते. त्यासाठी वेगळी यंत्रसामग्री लागत नाही. भरवशाचा तापमापक, पुरेसे पाणी आणि रात्रभर जागणारा माणूस लागतो. त्या चोवीस तासांत पिल्ले कमी खातात आणि त्यांची वाढ किंचित मागे पडते. पुढील दिवसांत बहुधा ही तूट भरून निघते. काही प्रयोगांत तर विक्रीच्या वयातील वजन इतर पक्ष्यांपेक्षा अधिक आढळले.

पिल्लाच्या शरीरात काय घडते?

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला स्वतःचे तापमान नीट सांभाळता येत नाही. मेंदूतील अधश्चेतक हा भाग शरीराच्या तापमानाचे नियमन करतो आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ही यंत्रणा घडत असते. या काळात मिळालेला उष्णतेचा अनुभव तिच्या जडणघडणीवर परिणाम करतो. घडण पूर्ण झाल्यावर दिलेल्या अनुभवाचा असा टिकाऊ प्रभाव राहत नाही; म्हणूनच तिसरा ते पाचवा दिवस महत्त्वाचा ठरतो.

हा प्रभाव तीन पातळ्यांवर अभ्यासला गेला आहे. पहिली पातळी अवटू ग्रंथीची आहे. या ग्रंथीशी संबंधित ट्राय-आयडोथायरोनिन हे संप्रेरक चयापचयाचा वेग ठरविते. अनुकूलित पक्ष्यांत उष्णतेच्या वेळी त्याची रक्तातील पातळी कमी राहते, त्यामुळे शरीरात उष्णता कमी निर्माण होते. दुसरी पातळी उष्णता बाहेर टाकण्याची आहे. त्वचेकडील रक्तप्रवाहात बदल होऊन शरीराची उष्णता अधिक कार्यक्षमतेने हवेत सोडली जाते. तिसरी पातळी जनुकांच्या कार्याची आहे. जनुकांचा मूळ क्रम न बदलता त्यांच्यावर होणाऱ्या रासायनिक खुणांमुळे कोणते जनुक किती सक्रिय राहील हे बदलते. या शाखेला अधिजनुकशास्त्र म्हणतात आणि पिल्लांच्या मेंदूत उष्णतेच्या अनुभवानंतर असे बदल आढळले आहेत.

अंड्यातील अनुकूलन

हाच विचार एक पाऊल मागे नेऊन संशोधकांनी उबवणीच्या काळातही प्रयोग केले. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत उबते आणि उबवणी यंत्रातील तापमान सामान्यतः ३७.८ अंश असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायली संशोधनात उबवणीच्या सातव्या ते सोळाव्या दिवसादरम्यान तापमान ३९.५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के ठेवण्यात आली. अवटू व अधिवृक्क ग्रंथींशी संबंधित नियमन-यंत्रणा याच काळात विकसित होते. रोज बारा तास असे तापमान दिले असता उबवणक्षमता सामान्य राहिली. सलग चोवीस तास दिले असता ती घटली. मात्रा थोडी चुकली तरी लाभाचे रूपांतर हानीत होते, हा या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ होय. या पद्धतीत काम शेतकऱ्याच्या शेडमध्ये होत नाही, उबवणी केंद्रात होते. अर्थकारणाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

खर्च-लाभाचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरले आहेत. एका शेतकऱ्याकडे ५,००० ब्रॉयलर आहेत आणि अखेरच्या आठवड्यापर्यंत प्रत्येक पक्ष्यावर १५० रुपये खर्च झाले आहेत. उष्णतेची लाट आल्यास ४ टक्के, म्हणजे २०० पक्षी अतिरिक्त दगावतात व ३०,००० रुपये बुडतात. अनुकूलनासाठी इंधन व मजुरी मिळून २,००० रुपये लागले आणि त्यामुळे ही मरतुक निम्म्याने घटली, तर लाटेच्या प्रसंगी १५,००० रुपये वाचतात. लाट येण्याची शक्यता २,००० भागिले १५,०००, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांहून अधिक असेल, तर हा खर्च किफायतशीर ठरतो. मरतुक केवळ एक चतुर्थांशाने घटली, तर बचत ७,५०० रुपयांवर येते आणि किमान आवश्यक शक्यता सुमारे २७ टक्के होते.

यावरून अनुकूलनाचे स्वरूप विम्याच्या हप्त्यासारखे असल्याचे वाचकांच्या लक्षात येईल. खर्च निश्चित आणि आधी होतो. लाभ अनिश्चित असून नंतर मिळतो. म्हणून पिल्ले शेडमध्ये कधी येतात यापेक्षा पक्षी विक्रीला कधी जातात, यावर निर्णय अवलंबून असावा. मध्य भारतात एप्रिलच्या मध्यास आलेली पिल्ले मेच्या अखेरीस विक्रीयोग्य होतात. तेथे हा हप्ता भरणे शहाणपणाचे ठरेल. पावसाळ्याच्या अखेरीस आलेल्या पिल्लांसाठी त्याची गरज नाही.

मर्यादा

प्रयोगशाळेतील निष्कर्ष शेडमध्ये जसेच्या तसे उतरत नाहीत. निरनिराळ्या प्रयोगांत लाभाचे प्रमाण कमीअधिक आढळले आहे. पक्ष्याचा वाण, लिंग, अनुभवाची वेळ व तीव्रता आणि नंतरच्या लाटेचे स्वरूप यांनुसार ते बदलते. बहुतेक संशोधन सहा आठवडे जगणाऱ्या ब्रॉयलरवर झाले आहे. वर्षाहून अधिक काळ अंडी देणाऱ्या कोंबड्यांना तेच निष्कर्ष सरसकट लावता येणार नाहीत.

एप्रिल-मेमध्ये शेडमधील तापमान आपोआपच ३८ अंशांवर जाते, मग वेगळे अनुकूलन कशाला, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. नैसर्गिक उष्णता दुपारी ४० अंशांपलीकडे जाऊन रात्री उतरते. तिची मात्रा आणि वेळ आपल्या हाती नसते. तापमान मर्यादेबाहेर गेल्यास इवल्या पिल्लांच्या शरीरातील पाणी झपाट्याने घटते आणि ती दगावतात. राणीखेत रोगाची लस सामान्यतः पाचव्या ते सातव्या दिवशी दिली जाते. दोन्ही ताण एकाच दिवशी येऊ नयेत, हेही पाहावे लागते. आजारी किंवा लांबच्या प्रवासाने थकलेल्या पिल्लांवर हा प्रयोग करू नये. पिल्ले चोच उघडून सतत धापा टाकू लागली किंवा निपचित पडू लागली, तर तापमान तत्काळ उतरविणे आवश्यक असते.

शेडची रचना, छतावरील उपाय, पाणी आणि पक्ष्यांची घनता यांना अनुकूलन पर्याय ठरत नाही. वाणाची निवड हाही स्वतंत्र मार्ग आहे. इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने मानेवर पिसे नसलेल्या पक्ष्यांच्या संकरातून ‘हितकारी’ आणि कुरळ्या पिसांच्या पक्ष्यांच्या संकरातून ‘उपकारी’ हे वाण विकसित केले. पिसांचे आवरण कमी किंवा विरळ असल्याने अशा पक्ष्यांच्या शरीरातील उष्णता सहज बाहेर पडते.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

भारतातील ब्रॉयलर उत्पादनाचा मोठा भाग करार पद्धतीने चालतो. १९९० च्या दशकात कोईमतूर परिसरातून ही पद्धत पसरली. कंपनी पिल्ले, खाद्य, औषधे आणि तांत्रिक देखरेख पुरविते. शेतकरी शेड, मजुरी, पाणी व वीज देतो आणि जिवंत वजनावर प्रतिकिलो संगोपन शुल्क मिळवितो. मरतुक आणि खाद्य रूपांतरण गुणोत्तर यांनुसार हे शुल्क कमीजास्त होते. शेडमधील अनुकूलनाचे इंधन व जागरण शेतकऱ्याचे, तर वाचलेल्या पक्ष्यांवरील मालकी कंपनीची, अशी स्थिती उद्भवते. करारात या कामाचा मोबदला नसेल, तर शेतकऱ्याला त्यात रस वाटण्याचे कारण उरत नाही.

स्वतंत्र शेतकऱ्यासमोरील अडचण निराळी आहे. उबवणीत अनुकूलित केलेले पिल्लू आणि साधे पिल्लू दिसायला सारखेच असते. विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते ग्राहकाला पडताळता येत नाही. अर्थशास्त्रात याला माहितीची असममितता म्हणतात. अशा बाजारात ग्राहक जादा किंमत मोजण्यास कचरतो आणि उबवणी केंद्रालाही जादा खर्च करण्याचे प्रयोजन राहत नाही. तंत्र उपलब्ध असूनही त्याचा प्रसार होत नाही, याचे हे महत्त्वाचे कारण ठरू शकते.

या दोन्ही अडचणींवर सार्वजनिक हस्तक्षेपाने मार्ग काढता येईल. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्रा’ या हवामान-अनुकूल शेतीविषयक राष्ट्रीय कार्यक्रमाने पशुधनावरील संशोधनालाही वाव दिला. २०२१-२२ मध्ये पुनर्रचना झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात किमान १,००० मातृ-पितृ पक्षी, उबवणी केंद्र आणि मदर युनिट अशा ग्रामीण कुक्कुट प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल २५ लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. मदर युनिटमध्ये पिल्ले चार आठवडे वाढवून मग ग्रामीण कुटुंबांना दिली जातात. अनुकूलनाचे नाजूक चोवीस तास याच टप्प्यात येतात. तेथे प्रशिक्षित माणूस व तापमापक असतो आणि एका ठिकाणच्या खर्चाचा लाभ शेकडो परसांत पोहोचतो. २०१९ च्या पशुगणनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून ३१.७ कोटी झाली होती, तर व्यावसायिक पक्ष्यांची वाढ केवळ ४.५ टक्के होती. हे लक्षात घेता या टप्प्याचे महत्त्व अधिकच जाणवते.

समारोप

प्रारंभिक औष्णिक अनुकूलन हे अल्प खर्चाचे, विजेवर फारसे अवलंबून नसलेले आणि लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातील तंत्र आहे. ते सर्व ऋतूंत, सर्व पक्ष्यांना आणि सर्व प्रदेशांत सारखे उपयोगी पडणार नाही. म्हणून कृषिहवामान विभागांनुसार प्रत्यक्ष शेडमधील चाचण्या, त्यांवर आधारित स्थानिक भाषेतील मार्गदर्शिका, करारात अनुकूलनाच्या कामाचा स्पष्ट मोबदला आणि उबवणी केंद्रांसाठी विश्वासार्ह प्रमाणपत्र, या चार गोष्टींची आवश्यकता आहे. हवामान बदलाशी जुळवून घेण्याची चर्चा बहुधा धरणे, बियाणे आणि विमा यांभोवती फिरते. पिल्लाच्या आयुष्यातील एक दिवस हा त्या मानाने लहान विषय वाटेल. परंतु मेच्या अखेरीस आपले सर्व भांडवल पत्र्याच्या शेडमध्ये उभे असलेल्या शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न त्या एका दिवसावर अवलंबून असू शकते.